हलते डायनासोर, साडेचार वर्षांची लेक आणि सासूबाई: कसं जमवावं?

सुरंगी
तालुक्याच्या गावी, सड्यावरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या) मैदानात खऱ्या मापाच्या हलत्या डायनासोरांचं प्रदर्शन लागलंय. पंचवीसेक नग आहेत. डोळे मिचकावतात, मान वळवतात, डरकाळ्या फोडतात. बरोबर साडेचार वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ७४, कुरकुरणारे गुडघे, कानाला यंत्र). लेकीला पुस्तकातले डायनासोर तोंडपाठ, पण घरात मिक्सर लावला तरी कानांवर हात जातात.
प्रश्न तीन. एक, मूल घाबरू नये म्हणून कधी जावं आणि कुठून सुरुवात करावी? दोन, त्यांच्या आत नेमकं असतं काय? "हा जिवंत आहे का?" असं ती विचारणारच. तीन, सासूबाईंना झेपेल का? तिकीट, पार्किंग सांगू नका, ते दारात कळेल.

रापणकर
आजयेक डायनासोर बघूक नेतास? तेच्या येळचेच मां ते!

सुरंगी
रापणकर, सासूबाई हा धागा वाचतात. बेतानं.

गिअरबॉक्स
दोन नंबरपासून सुरू करतो, कारण तो कळला की एक नंबर निम्मा सुटतो.
हे नग बहुतेक चीनमधल्या झिगाँग शहरातून येतात. सिचुआन प्रांतातलं हे गाव कंदिलांच्या उत्सवासाठी जुनं नावाजलेलं, म्हणजे तारा, सांगाडे, कापड, दिवे यांचे कारागीर घरचेच. त्यात शेजारी दाशानपूला खऱ्या डायनासोरांचे ढीगभर जीवाश्म निघाले आणि १९८७ मध्ये तिथे संग्रहालय झालं.
आतून बाहेर जाऊ. लोखंडी पाइप आणि अँगल वेल्ड करून सांगाडा. प्रत्येक हालचालीला वेगळी मोटर: जबडा, पापण्या, मान वर-खाली, मान डावी-उजवी, पुढचे पाय, पोट (श्वास), शेपटी. लहान नगांत चक्क गाडीच्या वायपरची मोटर असते. ती एकाच दिशेनं गोल फिरते. तिच्या दांड्याला क्रँक (आडवा हात), क्रँकला लिंक (जोडदांडी), की झालं पुढे-मागे. गणपतीत ज्यांनी हलते देखावे केलेत त्यांना ही करामत नवी नाही. कालियाचा फणा आणि टी. रेक्सचा जबडा मावसभाऊच.
सांगाड्यावर घट्ट फोम चिकटवून कात्रीनं कोरतात, त्यावर ताणणारं होजिअरी कापड, त्यावर सिलिकॉन रबराचे तीन-चार हात, मग रंग. स्पीकर आणि कंट्रोल बॉक्स पायथ्याच्या खोट्या खडकात.
आता मुद्द्याचं. बहुतेक नग सतत हलत नाहीत. समोर सेन्सर असतो, माणूस टप्प्यात आला की ठरलेल्या हालचालींची सायकल सुरू होते आणि संपेपर्यंत थांबत नाही. टप्पा साधारण ३ ते ५ मीटर ठेवलेला असतो. मूल घाबरतं ते आकाराला नाही, अचानकपणाला. निपचित पडलेलं धूड आपण दोन हातांवर आल्यावर डोळे उघडतं, घोळ तिथे होतो. म्हणून टप्प्याबाहेर थांबा, दुसऱ्या कुणाला पुढे जाऊ दे, पूर्ण सायकल लांबून बघा. पुढची सायकल तश्शीच असते, हे पोराला तिसऱ्या वेळी कळतं. "आता डोळे, आता मान, आता तोंड" असं तीच सांगायला लागेल.

भुईचाफा
माहिती उत्तम, पण मोटर, क्रँक पोरीला आधी सांगू नका. साडेचार वर्षांच्या मुलाला "खोटंच आहे" हे कळतंच, तरी पोटात गोळा येतो आणि तीच गंमत असते. आधीच पोट फाडून दाखवलंत तर बघायला उरलं काय? दशावताराला नेताना आपण "तो राक्षस म्हणजे वाडीतलाच अमका" असं आधी सांगतो का?

गिअरबॉक्स
नाही सांगत. पण रंगपटात डोकावू देतो! मिक्सरला कान झाकणाऱ्या मुलाला आवाज कुठून येणार हे आधी माहीत असेल तर तो सहन होतो. खडकातली जाळी दाखवा, "इथून ओरडतो, तोंडातून नाही." एवढंच. पोट फाडायची गरज नाही.

वेंगुर्लेकर
शिमग्यात संकासुराला सामोरं गेलेल्या पोराला रबरी टी. रेक्स काय घाबरवणार? काळा वेश, कमरेला घुंगरं, आणि तो मागे धावतो तरी. हे बिचारे खिळवलेले.

भुईचाफा
खिळवलेले सगळे नसतात. दाराशी एखादा चालता डायनासोर असतो, त्यात माणूस असतो. खरं सांभाळायचं ते ह्याला. पोशाखाचं वजन त्या माणसाच्या खांद्या-कमरेवर, समोरचं दिसतं ते मानेतल्या जाळीतून किंवा छोट्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर. पायाशी आलेलं लहान मूल त्याला दिसत नाही. पोरं शेपटी ओढतात आणि तो तोल जाऊन पडतो. कोकणातल्या दमट हवेत आत पंखा असूनही दहा-पंधरा मिनिटांवर माणूस टिकत नाही, म्हणून तो मध्येच पाठ फिरवून निघून जातो. रुसला म्हणून नव्हे. लेकीला कडेवर घ्या आणि त्याच्या बाजूनं जा, समोरून नको.

सुरंगी
हे माहीतच नव्हतं. आवाजाचं काय करू? कापसाचे बोळे?

कानोसा
कापसानं फारसं होत नाही. बांधकामावर वापरतात तशी कान झाकणारी हेडफोनसारखी टोपणं मुलांच्या मापाची मिळतात, त्यांनी २०-२५ डेसिबल कमी होतात. घरी दोन दिवस मिक्सरच्या वेळी घालून सवय करा. प्रदर्शनात पहिल्यांदा घातलीत तर टोपणांचाच राग येईल.
दुसरं, अंतर. उघड्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. स्पीकरपाशी १ मीटरवर १०० असेल तर २ मीटरवर ९४, ४ वर ८८, ८ वर ८२. हे उघड्यावर. पत्र्याच्या शेडमध्ये हे गणित चालत नाही, तिथे आवाज पत्र्यावर आपटून परत येतो. म्हणून मंडपातले नग शेवटी किंवा नकोच, आधी मोकळ्यावरचे. आणि बघायला शेपटीच्या बाजूला उभं राहा. स्पीकरचं तोंड पुढे असतं.
सासूबाईंच्या कानाच्या यंत्राचा आवाज आत शिरण्याआधी खाली आणा. काढून पिशवीत टाकू नका. एक तर हरवतं, दुसरं म्हणजे गर्दीत तुमची हाक ऐकू येणार नाही. मंडपात धुराचं यंत्र आणि लुकलुकणारे दिवे असतील तर दमा किंवा फिट्स असणाऱ्यांनी आत जाऊ नये. दारातल्या माणसाला विचारलं तर तो सांगतो.

रापणकर
लाईट गेली काय तो आऽऽ करून रवता. दाताच्या डॉक्टराकडे बसल्यासारखो.

गिअरबॉक्स
हसण्यावारी नेऊ नका, कारण आहे. ह्या मोटरींत वर्म गिअर असतो. मोटर गिअर फिरवू शकते, पण वरचं वजन उलट मोटरला फिरवू शकत नाही. त्यामुळे वीज गेली तरी मान धपकन खाली येत नाही, जिथल्या तिथे अडकते. चांगली सोय आहे. धोका वीज परत येताना. काही कंट्रोलर वीज आल्याबरोबर सायकल पहिल्यापासून सुरू करतात आणि सगळी आळी एकदम ओरडते. जनरेटर चालू व्हायला लागतो त्या अर्ध्या मिनिटात पोराला घेऊन दोन नगांच्या मधून बाहेर व्हा.

वायरमन_कुडाळ
विजेचा विषय निघालाच आहे तर. जांभ्यावर अर्थिंग नीट होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये कातळ ठणठणीत कोरडा असतो, रेझिस्टन्स प्रचंड. कोळसा-मीठ घालून खड्डा केला तरी रोज पाणी ओतायला लागतं आणि चार दिवसांच्या प्रदर्शनात ते कोण करतो? म्हणून डायनासोरच्या कुंपणाचा लोखंडी पाइप, दिव्याचा खांब, पायथ्यातून बाहेर आलेली चौकट यांना पोरांना हात लावू देऊ नका. पाऊस शिंपडून गेला असेल तर अजिबात नाही. रबराच्या कातडीला हात लावायला हरकत नाही, लोखंडाला नको. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे बघणाऱ्याला दिसतं. वीज गळाली की लाइन तोडणारा, छोटं टेस्ट बटण असलेला ब्रेकर. तो नसेल तर मी आत जाणार नाही, डायनासोर असो की पाळणा.
वारा: कातळात खुंटी ठोकता येत नाही, म्हणून लांब मानेचे नग वाळूच्या पोत्यांवर आणि तारांवर उभे. दुपारनंतर खारा वारा उठला की मान झुलते. तिच्या खाली उभं राहून फोटो काढू नये. तारेत पाय अडकून पडणारेही बरेच. तारांना फडकी बांधलेली नसली तर वयस्कर माणसाला त्या बाजूनं नेऊच नका.

आंबोळी
खाऱ्या हवेत हे नग टिकतात तरी किती? मागे एका ठिकाणी ट्रायसेराटॉप्सच्या काखेतून पिवळा फोम लोंबताना दिसला होता.

गिअरबॉक्स
काख, जबड्याचे कोपरे, मानेचं बूड. सिलिकॉन सगळ्यात जास्त दुमडतं तिथेच फाटतं. वेळेवर कापडाचा तुकडा आणि सिलिकॉन लावून शिवलं तर ठीक. नाहीतर भेगेतून पाणी शिरतं, फोम स्पंजासारखं ते पितो, मानेचं वजन वाढतं आणि मोटरच्या गिअरचे दात झिजतात. "टक्-टक्-टक्" असा आवाज येऊन मान जागच्या जागी थरथरत असेल तर दात गेले समजा. जबडा नुसता खडखडत असेल तर लिंकचा नट सैल आहे, ते पाच मिनिटांचं काम.
खाऱ्या हवेनं कनेक्टरांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, तो तांब्याचा गंज. मग एक डोळा मिचकावतो, दुसरा नाही. दुरुस्तीला साफ करून वर पेट्रोलियम जेली. आपल्याकडे हंगाम दिवाळी ते मे का, याचं उत्तरही फोमात आहे. जूनच्या पावसात हे उघड्यावर ठेवले तर आठवड्यात भिजलेल्या गाद्या होतील.
आणखी एक. शरीराची उष्णता ओळखणारा सेन्सर असेल तर भर दुपारी, हवा ३५-३६ अंशांवर गेली की माणूस आणि हवा यांतला फरकच त्याला कळत नाही. नग मख्ख उभा राहतो आणि लोक "बंद पडलाय" म्हणून अगदी नाकाजवळ जातात. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक येते आणि तो जागा होतो!

कातळपाऊल
आता थोडं शास्त्राचं, कारण लेकीला पुस्तक तोंडपाठ आहे म्हणता. ती चुका काढेलच, तुम्हीही तयारीत असा.
टी. रेक्स आणि स्टेगोसॉरस शेजारी उभे दिसतील. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टी. रेक्स ६.८ ते ६.६ कोटी. म्हणजे त्या दोघांत आठेक कोटी वर्षं आणि टी. रेक्स व तुमच्या लेकीत साडेसहा. टी. रेक्स तिच्याच जास्त जवळचा.
व्हेलोसिरॅप्टर माणसाएवढा उघडाबोडका असेल. खरा मंगोलियातला, शेपटीसकट २ मीटर, कमरेपाशी अर्धा मीटर, गावठी कोंबड्याचा थोरला भाऊ. २००७ मध्ये त्याच्या हाताच्या हाडावर पिसं रुतण्याच्या खुणा सापडल्या.
गळ्याभोवती पंखा उघडून पाणी थुंकणारा डायलोफोसॉरस: पंख्याचा किंवा थुंकीचा काहीही पुरावा जीवाश्मांत नाही. ते पाणी टाकीतलं, किती दिवसांचं कुणास ठाऊक. तोंड मिटून ठेवा.
पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन डायनासोर नाही, डायनासोर जन्मायच्या कितीतरी आधीचा, आपल्या सस्तनांच्या गोतावळ्यातला. उडणारा टेरॅनोडॉनही डायनासोर नव्हे.
शिकारी डायनासोरांचे पंजे बघा. तबलजीसारखे खाली वळलेले असतील तर चूक. टाळकऱ्यासारखे एकमेकांसमोर हवेत.
मापाचं: टी. रेक्स सुमारे १२ मीटर लांब, कमरेपाशी ४ मीटरच्या आसपास उंच. लांबीला जवळजवळ एसटीची गाडी. "खऱ्या मापाचा" म्हटलेला नग पावलांनी मोजून बघा, बरेचदा आठ मीटरलाच शेपटी संपते.

वेंगुर्लेकर
मग डरकाळी तरी खरी का?

कातळपाऊल
ती सर्वांत खोटी. वाघ, हत्ती असे सस्तन प्राणी मिसळून बनवलेली असते. पक्षी आणि मगरी हे डायनासोरांचे आजचे सगेसोयरे. पारवा तोंड मिटून घुमतो, मगरही तोंड मिटून खालच्या सुरात गुरगुरते. २०१६ मध्ये संशोधकांनी मांडलं की मोठे डायनासोरही असेच तोंड मिटून घुमत असावेत. वाशिष्ठीच्या मगरीची गुरगुर कानापेक्षा छातीत जाणवते, तसं काहीसं.
सुरंगीताई, हे तुमच्या उपयोगाचं आहे. लेकीला सांगा, खरा डायनासोर एवढा आरडाओरडा करत नव्हता, हा उगाच ओरडतोय.

सुरंगी
हे फारच आवडलं. "उगाच ओरडतोय" हे वाक्य तिचा बाबा टीव्ही बघताना वापरतेच ती.

आंबोळी
अवांतर: कोकणात खरे डायनासोर होते का? आमच्याकडे कातळशिल्पांत एक लांब मानेचा प्राणी आहे म्हणतात.

कातळपाऊल
कातळशिल्पं माणसाची, डायनासोर गेल्यावर साडेसहा कोटी वर्षांनी आलेल्याची. कशेळीचा हत्ती आहे, गेंडा आहे, वाघ आहे, मासे आहेत. लांब मान दिसली तर पक्षी समजा.
कोकणात डायनासोरची हाडं मिळण्याची आशा कमी, कारण बहुतेक कोकण म्हणजे दख्खनच्या लाव्हाचा बसाल्ट आणि त्याचाच कुजून झालेला जांभा. तापलेल्या लाव्हात हाड टिकत नाही. दोन लाव्हांच्या मधल्या काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात मात्र काही टिकलं. मुंबईत वरळीला अशा थरात बेडकांचे जीवाश्म निघालेत.
महाराष्ट्रात डायनासोर बघायचा तर चंद्रपूर जिल्हा. डोंगरगावला इसिसॉरस सापडला, जवळ पिसदुऱ्याला त्या काळच्या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा मिळते. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीचा राजासॉरस, नाव दिलं २००३ मध्ये. गोदावरीच्या खोऱ्यातला बारापासॉरस टागोराय, नाव १९७५ चं: बंगालीत बडा पाय, आणि टागोर कारण उत्खनन सुरू झालं ते त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. ह्या तिघांतला एकही प्रदर्शनात नसतो. चिनी मामेनचीसॉरस असतो. कारखाना ज्याच्या गावी, त्याचा डायनासोर.
पण एक गंमत आहे. तो रबरी टी. रेक्स ज्या सड्यावर उभा आहे, त्या जांभ्याखालचा बसाल्ट ओतला गेला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे खरा टी. रेक्स संपत आला त्याच सुमाराला. मैदानात खरी त्या काळची गोष्ट एकच: पायाखालचा दगड.

रापणकर
म्हणजे तिकीट काढून रबर बघूचा आणि फुकटात खरा. माका हो सौदो पसंत असा.

वायरमन_कुडाळ
मूळ प्रश्नाकडे. सासूबाईंना झेपेल का, याचं उत्तर कुणीच दिलं नाही.
सड्यावरची वाट खडबडीत, रेती आणि खडे. मध्ये काथ्याची चटई टाकलेली असते आणि तिच्या कडेलाच पाय अडकतो. पायात सपाट चप्पल नको, मागून पट्टा असलेली हवी. पंचवीस नगांना धीम्या पावलानं तास-सव्वा तास लागतो, म्हणून दर पाच-सहा नगांनंतर बसायची जागा बघून ठेवा. नसेल तर घडीची खुर्ची न्या. पाण्याची बाटली आणि साधी लांब दांड्याची छत्री, काठी म्हणूनही चालते.
वेळ: डिसेंबरात सूर्य साधारण सहाला, मेच्या मध्यावर सातच्या आसपास मावळतो. त्याआधी तास-सव्वा तास पोचा. उजेडात लेक सगळे नग बघून घेईल, तारा-कडा सासूबाईंना दिसतील, मग दिवे लागल्यावर तिच्या आवडीचे दोन-तीनच परत बघा. उलटं करू नका. अंधारात रंगीत दिव्यांत पहिला नग दिसला तर मूल तिथेच बिथरतं. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम, गर्दीत सेन्सर थांबतच नाही आणि सगळे नग अखंड बोंबलतात.

सुरंगी
लिहून घेतलं. मंगळवार, पावणेपाच. टोपणं दोन दिवस आधी मिक्सरजवळ. आधी उघड्यावरचे, शेपटीच्या बाजूनं. दुसऱ्याला पुढे जाऊ द्यायचं. चालत्या डायनासोरला बाजूनं. लोखंडाला हात नाही, मानेखाली फोटो नाही, थुंकणाऱ्यासमोर तोंड बंद. मंडप शेवटी, जमल्यास.

गिअरबॉक्स
सुरुवात झाडपाला खाणाऱ्यांपासून करा. दाराजवळ टी. रेक्सच असतो, गर्दी खेचायला. त्याला वळसा घालून आत जा. ट्रायसेराटॉप्स किंवा डोक्यावर तुरा असलेला पॅरासॉरोलोफस आधी. ह्याच्या तुऱ्यातल्या पोकळ नळ्यांत आवाज घुमत असावा, म्हणून त्याला बहुतेकदा तुतारीसारखा सूर दिलेला असतो, डरकाळी नाही. अंड्यातून डोकं काढणारं पिल्लूही असतं, एक-दोन मोटरींचं. ते पहिलं दाखवा.

सुरंगीची सासू
लेकाच्या फोनवरून लिहिते आहे. सगळं वाचलं. खुर्ची घरची घेऊ, तिथली प्लास्टिकची बुटकी असते, बसलं तर उठता येत नाही. रापणकर, तुमच्या आजीला माझा नमस्कार सांगा, आमच्याच वेळची असेल.

रापणकर
चुकलंय काकी.

गिअरबॉक्स
काकू, खुर्ची फक्त सेन्सरच्या टप्प्याबाहेर ठेवा. नाहीतर तुम्ही जरा हललात की तो परत तुमच्यावर ओरडेल.

सुरंगीची सासू
ओरडू दे. यंत्र बंद करता येतं मला.